दुपारी कडक ऊन आणि सोलर बंद : 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' परत परत येत असेल तर काय बघायचं

ज्यांना हा त्रास होतोय त्यांना लगेच ओळखू येईल. सकाळी आठला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलून महावितरणच्या लाईनीत (ग्रिडमध्ये) सोडणारा डबा, सुरू होतो, साडेदहापर्यंत मोबाईलवरचा आलेख छान चढत जातो, आणि अकरा-साडेअकरापासून दोन-अडीचपर्यंत त्याला करवतीसारखे दात पडतात. बंद, चालू, बंद, चालू. एरर बघावी तर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' नाहीतर 'एसी व्होल्टेज हाय'. तीन वाजून गेले की आपोआप सगळं सुरळीत. म्हणजे ज्या तीन तासांत सगळ्यात जास्त युनिट पडायचे तेच नेमके वाया.

आमचं घर कोल्हापुरात कळंबा रोडला. ऑगस्ट २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजनेतून ५ किलोवॅटचं सिंगल फेज सोलर बसवलं, ७८ हजार सबसिडी आली, पहिले दोन महिने काही तक्रार नव्हती कारण पावसाळी ढग होते. दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं आणि हे सुरू झालं. चांगल्या दिवशी २० युनिट पडायला पाहिजेत तिथं १२-१३ वर आले. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, मोटरी आणि पॅनेल रोजचेच, तरी हे कुठून होतंय ते नीट कळायला मला दीड महिना गेला आणि पुढं वर्षभरानं तेच परत आलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कुणाचे दोन महिने वाचले तरी बरं.

पहिल्यांदा एरर नीट वाचा. सोलर बंद पडलं की सगळे एकच म्हणतात, 'इन्व्हर्टर गेला'. पण सकाळी लवकर, दवाच्या दिवसात किंवा पाऊस पडून गेल्यावर 'आयसोलेशन' म्हणून एरर येत असेल तर ते वेगळं दुखणं आहे, पॅनेलकडच्या डीसी वायरीत किंवा कनेक्टरात पाणी शिरलंय, त्याचा या लेखाशी संबंध नाही आणि त्यात हात घालू नका, डीसीचा शॉक लई वाईट. 'ग्रिड लॉस्ट' म्हणजे सरळ लाईट गेलीय किंवा एमसीबी पडलाय. आपण बोलतोय ते फक्त ओव्हर व्होल्टेजबद्दल, आणि त्याची खूण म्हणजे कडक ऊन, दुपारची वेळ, आणि थंडीचे दिवस जास्त वाईट. थंडीत का, तर पॅनेल गार असलं की जास्त वीज देतं आणि त्याच दिवसात घरोघरी पंखे, कूलर, एसी बंद असतात. मे महिन्यात उलट पॅनेल तापून थोडं कमी देतं आणि गल्लीत खपही असतो, त्यामुळं उन्हाळ्यात हा त्रास कमी होतो, आणि लोकांना वाटतं की आपोआप दुरुस्त झालं.

आता हे होतं कशानं. आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो. लाईनीत तीन फेजच्या वायरी आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, असते. ४३३ हा दोन फेजमधला आकडा, एका फेजला न्यूट्रलशी धरून तो २५० पडतो. आपल्याला पाहिजेत २३०, मग वर २० कशाला, तर पूर्वीपासून हिशोब असा की वीज ट्रान्सफॉर्मरकडून घराकडं जाणार, जाताना वायरीत व्होल्टेज पडणार, म्हणून निघतानाच थोडे जास्त द्यायचे म्हणजे शेवटच्या पोलवरच्या माणसालाही पुरेसं पोचेल. हा हिशोब अगदी बरोबर होता, पण तो एकाच दिशेचा होता. आता दुपारी घरात कुणी नाही, खप दोनशे-तीनशे वॅट, आणि गच्चीवर ५ किलोवॅट तयार होतंय, म्हणजे वीज घराकडून ट्रान्सफॉर्मरकडं चालली. उलटं ढकलायचं तर आपल्या टोकाला व्होल्टेज लाईनपेक्षा जास्तच लागणार, जसं चढावरच्या पाइपात पाणी ढकलायचं तर खालच्या टोकाला प्रेशर जास्त लागतं. जितकी वायर बारीक आणि लांब तितकं जास्त लागणार. ते चढत चढत इन्व्हर्टरच्या मर्यादेला लागलं की तो सुटतो, म्हणजे लाईनीपासून तुटून बंद पडतो, यालाच ट्रिप म्हणतात.

ही मर्यादा इन्व्हर्टर कंपनीच्या मनात आली म्हणून ठेवलेली नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या तांत्रिक मानकांत लिहिलंय की व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं की २ सेकंदांच्या आत सोलर लाईनीतून सुटलं पाहिजे, आणि सगळं ठीक होऊन निदान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय परत जोडायचं नाही. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. आमच्या इन्व्हर्टरला तोच आकडा आहे, तुमच्याला सेटिंगप्रमाणं थोडा वेगळा असू शकतो, मेनूमध्ये बघा. आलेखात जे करवतीचे दात दिसतात ते या ६० सेकंदांमुळंच.

चार रीडिंग घ्या, मगच कुणाला फोन करा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि हेच कुणी करत नाही. चुकतंय कुठं, आपल्या घरात का बाहेर लाईनीत, हे बोलून कळत नाही, मोजून कळतं. एक बरा मल्टिमीटर घ्या, दोन्ही जागी तोच वापरा, कारण इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवरचं व्होल्टेज आणि मल्टिमीटरचं यांच्यात दोन-तीन व्होल्टचा फरक असू शकतो आणि आपल्याला इथं दोन-तीन व्होल्टच शोधायचेत. स्वतःला सवय नसेल तर लायसनवाल्या वायरमनला बोलवा, चालू लाईनीवर काम आहे. मीटरचं सील कुणीही तोडायचं नाही, मीटरच्या पुढं आपला जो मेन स्विच आहे तिथं मोजायचं.

इन्व्हर्टर बंद ठेवून मेन स्विचला एकदा आणि इन्व्हर्टरच्या एसी टोकाला एकदा. मग इन्व्हर्टर चालू करून, तो नीट तयार करायला लागला की परत त्याच दोन जागी. त्यावेळी इन्व्हर्टर किती अँपियर देतोय तेही लिहून ठेवा. घरातला मोठा लोड, गिझर, मोटर, मिक्सर, सगळं तेवढ्यापुरतं बंद पाहिजे. आणि हे दुपारी बारा वाजता करू नका कारण तेव्हा तो दर दोन मिनिटाला सुटत असतो, वाचायलाच मिळत नाही. सकाळी साडेदहाच्या सुमारास करा, ट्रिप व्हायच्या आधी, आणि पुढचं त्रैराशिक मांडा.

आमचे आकडे सांगतो. बंद असताना दोन्हीकडं २४१. चालू असताना, १४ अँपियर जात होते तेव्हा, मेन स्विचला २४६ आणि गच्चीवर इन्व्हर्टरला २५०. म्हणजे पोलपासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरीत ५ व्होल्ट चढले आणि मीटरपासून गच्चीपर्यंतच्या आमच्या केबलीत ४. एकूण ९. हे १४ अँपियरला. ५ किलोवॅट पूर्ण आलं की २२ अँपियर होतात, म्हणजे ९ चे १४ होणार, २४१ अधिक १४ बरोबर २५५. मर्यादा २५३. ट्रिप होणारच, त्यात इन्व्हर्टरचा काही दोष नाही, तो त्याला सांगितलेलं काम करत होता.

यातनं एक सरळ वाटणी होते. इन्व्हर्टर आणि मेन स्विचमधला फरक तो तुमच्या केबलचा, तो तुम्ही दुरुस्त करायचा. चालू-बंद केल्यावर मेन स्विचला जो फरक पडतो तो सर्व्हिस वायर आणि लाईनचा. आणि बंद असतानाच जर मेन स्विचला २४८-२५० दिसत असेल तर ते पूर्ण बाहेरचं, ट्रान्सफॉर्मर आणि शेजाऱ्यांच्या सोलरचं. तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं. सरसकट 'व्होल्टेज जास्त येतंय' म्हणून तक्रार केली की समोरचा पण सरसकटच उत्तर देतो.

वायरीचा हिशोब

आमची गच्ची तिसऱ्या मजल्यावर, मीटर खाली पार्किंगमध्ये, केबल ३० मीटर, ४ स्क्वेअर एमएम तांबं. करंट वाहून न्यायला ती पुरेशी आहे, तापत नाही, म्हणून बसवणाऱ्यानं तीच घातली, आणि बहुतेक ठिकाणी असंच होतं. पण इथं तापण्याचा प्रश्न नाही, व्होल्टेज चढण्याचा आहे. ४ स्क्वेअर तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ४.६ ओहम, जायचं-यायचं धरून ६० मीटर, म्हणजे ०.२८ ओहम, गुणिले २२ अँपियर, ६ व्होल्ट. तीच १० स्क्वेअरची तांब्याची असती तर किलोमीटरला १.८३, म्हणजे अडीच व्होल्टसुद्धा नाही. सर्व्हिस वायर २५ मीटर, जुनी ४ स्क्वेअरची अॅल्युमिनियम, घर बांधलं तेव्हाची, तिचा रोध किलोमीटरला ७.४, तिथं ८ व्होल्ट जात होते. १६ स्क्वेअर अॅल्युमिनियम घातली की २ व्होल्ट. वर उन्हात पाइपातनं गेलेली केबल तापली की रोध दर १० अंशाला ४ टक्के वाढतो, तोही दुपारीच.

जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही बदलल्या. घरातली केबल आपली आपण, सर्व्हिस वायरीला महावितरणच्या सेक्शन ऑफिसला अर्ज दिला, वायर आम्ही आणून दिली आणि लाईनमननं जोडून दिली. १४ चे साडेचार व्होल्ट झाले. त्याच आठवड्यात युनिट परत २० वर. नवीन सोलर बसवणार असाल तर बसवतानाच हे बोलून घ्या, इन्व्हर्टर मीटरच्या जवळ खाली भिंतीवर बसवता आला तर लांब केबल डीसीची होते आणि एसीची दहा फुटांत संपते, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. डीसीकडं व्होल्टेज जास्त आणि करंट कमी, त्यामुळं तिथं लांबीचा एवढा त्रास नाही. फक्त पंचगंगेच्या पुराचं पाणी जिथं येतं, २०१९ ला आणि २०२१ ला ज्या भागांनी बघितलंय, तिथं खाली म्हणजे नेमकं किती खाली हे पाण्याची खूण बघून ठरवा.

जॉइंट हा विषय वायरीइतकाच मोठा आहे. पोलवर आणि मेन स्विचला तांब्याची आणि अॅल्युमिनियमची वायर एकमेकांना नुसती पिळून टेप मारलेली दिसते. तिथं गंज चढतो, रोध वाढतो, पुढं जॉइंट तापतो, काळपट होतो. बायमेटॅलिक लग, म्हणजे तांबं आणि अॅल्युमिनियम जोडायचं खास टोक, लावून, नीट क्रिंप करून (दाबून) घ्या. नवी जाड वायर घातली आणि जॉइंट जुनाच ठेवला तर पैसे वाया.

जे करू नये

मधल्या काळात, म्हणजे वायरी बदलायच्या आधी, सोलर बसवणाऱ्यानं मला एक उपाय करून दिला होता. लॅपटॉप जोडला, २५३ चे २७० केले, म्हणाला बघा आता एकदा पण पडणार नाही. आणि खरंच पडला नाही, १५ दिवस मी खूश होतो. मग शेजारच्या काकू गेटवर येऊन म्हणाल्या, "बाळा, दुपारचा आमचा फॅन लई जोरात फिरतोय रे, आणि परवा सेटटॉप बॉक्सचा चार्जर जळला. तुझ्या सोलरचं काय असंल का?" मी त्यांच्या स्विचबोर्डला मीटर लावला, २५६. घरी आमचेही दोन एलईडी ड्रायव्हर गेले होते, मी ते दोन्ही वेगवेगळे योगायोग समजून सोडून दिले होते. त्याच संध्याकाळी सेटिंग परत २५३ करून घेतली.

मर्यादा वाढवली की व्होल्टेज कमी होत नाही, फक्त धोक्याची घंटा बंद होते, आणि जादाचा मार आपल्या घरातल्या आणि शेजारच्या सामानावर पडतो. तुम्हाला कुणी हा उपाय सुचवला तर नाही म्हणा. नियमानंही ते चूक आहे आणि शेजारधर्मानंही.

वर्षभरानं तेच परत

नोव्हेंबर २०२५ ला करवतीचे दात परत आले. यावेळी मी सरळ मल्टिमीटर घेऊन खाली गेलो. इन्व्हर्टर बंद, आणि दुपारी मेन स्विचलाच २४८. म्हणजे माझं काहीच चालू नसताना. त्यात माझे साडेचार मिळवले की २५२.५, जरा कुणाचा लोड गेला की २५३ पार.

गल्लीत फिरून मोजलं. वर्षात आणखी पाच घरांवर सोलर आलं होतं, आमचं धरून सहा, सगळं मिळून २७ किलोवॅट. आमचा ट्रान्सफॉर्मर ६३ केव्हीएचा, केव्हीए म्हणजे इथं ढोबळ मानानं किलोवॅटच धरा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप नियमावलीत ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत सोलर जोडायला मुभा आहे, ६३ चे ७० टक्के म्हणजे ४४. कागदावर आम्ही त्याच्या बरेच खाली होतो. मग अडलं कुठं? पोलवर चढून बघितल्यावर लाईनमननं सांगितलं, सहापैकी चार घरं आर फेजवर (तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात). २० किलोवॅट एकाच फेजवर, आणि ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा एक फेज असतो २१ चा. ७० टक्क्यांचा नियम एकूण बेरीज बघतो, कोण कुठल्या फेजवर आहे ते त्यात येत नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती कुठल्याच फॉर्मवर विचारली जात नाही. त्यात २०२४ पासून १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट राहिलेली नाही. ते चांगलंच झालं, लोकांचे हेलपाटे वाचले, पण मग फेज कोण बघणार?

अजून एक गोष्ट त्यात दिसली. चारही घरांचे इन्व्हर्टर जवळपास एकाच वेळी सुटायचे. सुटले की व्होल्टेज धपकन २४१ वर. मिनिटभर शांत, मग चारही एकदम परत जोडले जायचे, व्होल्टेज परत वर, परत चारही बाहेर. चार घरांचे आलेख शेजारी शेजारी मोबाईलवर ठेवले तर दात एकाखाली एक येत होते. हेच मोठ्या प्रमाणावर जर्मनीत घडायची भीती होती, तिथले लाखो इन्व्हर्टर लाईनीची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० वरून ५०.२ हर्ट्झ झाली की एकदम बंद व्हायच्या सेटिंगवर होते, सगळे एका क्षणी सुटले तर पूर्ण ग्रिडला धक्का बसेल म्हणून त्यांना जुने इन्व्हर्टर शोधून शोधून सेटिंग बदलावी लागली. आमची गल्ली लहान, पण गोष्ट तीच.

आम्ही सहा घरांनी मिळून एकच अर्ज केला. त्यात आठ दिवसांचे रीडिंग, तारीख-वेळेसह, इन्व्हर्टर बंद असतानाचे आणि चालू असतानाचे वेगळे, अॅपमधला ट्रिपचा लॉग छापून, आणि ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर रंगवलेला डीटीसी नंबर, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरचा ओळख क्रमांक. मागणी स्पष्ट लिहिली : फेज बॅलन्स करून द्या, डीपीतले आणि पोलवरचे न्यूट्रलचे जॉइंट तपासा. याआधी मी एकट्यानं १९१२ या वीज तक्रारीच्या फोन नंबरवर दोनदा तक्रार केली होती, दोन्ही वेळा संध्याकाळी सातला माणूस आला, मीटर लावला, २२८ आले, 'व्होल्टेज बरोबर आहे' म्हणून तक्रार बंद. त्याचंही चूक नाही, सातला ते बरोबरच असतं. म्हणून अर्जात पहिल्याच ओळीत लिहा की पाहणी दुपारी १२ ते २ मध्येच करावी. सांगून, समजून बोललं की लाईनमन लोक मदत करतात असा माझा अनुभव, रोज पोलवर चढणाऱ्या माणसाला हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. आणि दाद लागलीच नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तिथं हेच आठ दिवसांचे कागद कामाला येतात.

एका शनिवारी तासभर लाईन बंद ठेवून त्यांनी घरं तिन्ही फेजवर दोन-दोन करून दिली. बंद असतानाचं दुपारचं व्होल्टेज २४८ वरून २४३ झालं. नुसता भार वाटला गेला म्हणून नाही, तिन्ही फेज सारखे झाले की न्यूट्रलमधला करंट जवळपास मिटतो, मग न्यूट्रल वायरीत जे व्होल्टेज चढत होतं तेही जातं. एक पैसा खर्च नाही.

न्यूट्रलबद्दल थांबून सांगतो, कारण इथं जिवाचा आणि घराचा प्रश्न आहे. व्होल्टेज फक्त दुपारी नाही तर कधीही वर-खाली होत असेल, संध्याकाळी दिवे मंद-तेज होत असतील, आणि एका घरात २७०-२८० तर पलीकडच्या घरात १८०-१९० असं दिसत असेल तर ते सोलरचं दुखणं नाही, न्यूट्रल ढिला आहे किंवा तुटायला आलाय. घरी करायची परीक्षा अशी : गिझर लावा, व्होल्टेज दोन-चारनं खाली आलं तर ठीक, १५-२० नं पडलं तर कुठंतरी जॉइंट गेलाय, आणि तुम्ही लोड लावल्यावर दुसऱ्या फेजवरच्या शेजाऱ्याचं व्होल्टेज भरभर वर गेलं तर न्यूट्रल. मेन बंद करा, शेजाऱ्यांनाही सांगा, लगेच तक्रार करा, उद्यावर टाकू नका.

इन्व्हर्टरच्या आतलं आणि घरातलं

बऱ्याच नव्या इन्व्हर्टरात 'व्होल्ट-वॅट' नावाची सोय असते आणि ती बंद करून दिलेली असते. ती चालू केली की व्होल्टेज २४८-२५० च्या पुढं गेलं की इन्व्हर्टर एकदम सुटत नाही, हळूहळू उत्पादन कमी करतो. पूर्ण बंद पडून मिनिटभर शून्य देण्यापेक्षा ७०-८० टक्के देत राहिलेलं कधीही चांगलं, आणि गल्लीतला तो एकदम आत-एकदम बाहेर खेळही थांबतो. बसवणाऱ्याकडून हे चालू करून घ्या, यात मर्यादा वाढत नाही. दुसरी सोय 'व्होल्ट-व्हार', म्हणजे इन्व्हर्टर रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, नुसती ये-जा करणारी वीज) ओढून व्होल्टेज खाली खेचतो. ती ट्रान्सफॉर्मर आणि ११ केव्हीच्या लाईनीवर चांगली लागू पडते, पण गल्लीतल्या बारीक वायरीत रोधच जास्त असतो म्हणून तिथं फरक थोडाच, आम्हाला दीड-दोन व्होल्ट मिळाले.

खप दुपारी न्यायचा, हे सगळे सांगतात आणि खरं आहे. जुनी सर्व्हिस वायर होती तेव्हा मी मोजलं होतं, २ किलोवॅटचा गिझर लावला की मेन स्विचला बरोबर ३ व्होल्ट खाली. कारण तेवढे ९ अँपियर बाहेर जायचे थांबले. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, गाडीचं चार्जिंग, चटणीचा मिक्सर, सगळं अकरा ते दोन. आमच्या आईनं आता गिझरला टायमरच लावून घेतलाय, दुपारचं तापलेलं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट राहतं. गच्चीवरच्या केबलीतला चढ मात्र यानं कमी होत नाही, तिच्यातनं तेवढाच करंट जातो, तिथं जाड वायरच. बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर हाही उपाय आहे, पण फक्त ट्रिपिंगसाठी एवढा खर्च करू नका.

लोक विचारतात, लाईट गेल्यावर सोलर का बंद होतं, पुराच्या वेळी गच्चीवर पॅनेल असून अंधारात बसावं लागणार का. साध्या ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय लाईनीला जोडलेल्या, सोलरला बंद व्हावंच लागतं. खाली लाईनमन लाईन मेली समजून हात लावतो आणि वरून आपलं सोलर त्याच वायरीत वीज सोडत असेल तर? त्या सोयीशी कुणी छेडछाड करू नका.

टॅप आणि शेवटचा पोल

सगळं करूनही मूळ व्होल्टेज जास्त असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची त्याची खटकी, खाली घेता येतो, साधारण अडीच टक्क्याच्या पायऱ्या असतात, एका पायरीला ६ व्होल्ट. पण छोट्या ट्रान्सफॉर्मरला, १०० केव्हीए आणि खालच्या, बहुतेक टॅपच नसतो, आमच्या ६३ ला नाही. आणि जिथं आहे तिथंही विचार करून मागा. तो लाईन बंद करून एकदा फिरवला की दिवसरात्र तसाच राहतो. दुपारी तुम्हाला २५० वरून २४४ मिळतील, पण संध्याकाळी आठला शेवटच्या पोलवर ज्याला २१५ येतात त्याला २०९ येतील, आणि राज्यात पुरवठ्याची मर्यादा वर-खाली ६ टक्के आहे, २३० ला धरून २१६ ते २४४. त्याच्या घरी सोलर नाही, त्याचा पंखा का हळू फिरावा? जर्मनीत चालू लाईनीवर आपोआप टॅप बदलणारे गल्लीतले ट्रान्सफॉर्मर बसवलेत ते याचसाठी. आपल्याकडं ती सोय सबस्टेशनच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला असते, तिथनं पूर्ण फीडरचं, म्हणजे सबस्टेशनहून निघणाऱ्या लाईनीचं, व्होल्टेज हलतं.

सबस्टेशनवरून आठवलं, शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी, पाचगाव, उचगाव, वडणगे बाजूच्यांनी, ट्रिपच्या तारखा शेतीच्या वीजपुरवठ्याच्या दिवस-रात्र पाळीशी ताडून बघा. उसाच्या मोटरी दिवसपाळीला असल्या की त्याच सबस्टेशनवर दुपारी मोठा खप असतो, व्होल्टेज दबलेलं राहतं. रात्रपाळीचा आठवडा आला की दुपारी तो खप गायब आणि आपल्याकडं तीन-चार व्होल्ट वर. सबस्टेशनचा कपॅसिटर बँक, म्हणजे व्होल्टेज वर उचलणारी जोडणी, दुपारच्या कमी लोडला चालूच राहिला असेल तरी असंच होतं. दोन आठवड्यांच्या नोंदी असल्या तर हे दहा मिनिटांत दिसतं आणि तसं लिहून दिलं तर सबस्टेशनवाले दखल घेतात.

आमच्याकडं आत्ताची स्थिती अशी. बंद असताना दुपारी २४३, चालू असताना इन्व्हर्टरला २४७ ते २४८. व्होल्ट-वॅट चालू आहे, महिन्यात एखाद-दोन ट्रिप, तेही रात्रपाळीच्या आठवड्यातल्या रविवारी. १९ ते २० युनिट पडतात. गल्लीत अजून तीन घरांनी सोलरसाठी अर्ज केलेत, त्यांच्या गच्चीपासून मीटरपर्यंतची लांबी आम्ही टेपनं मोजून दिलीय, १० स्क्वेअर केबल घालायला सांगितलंय आणि कुठला फेज मागायचा तेही ठरवलंय, एक आर, एक वाय, एक बी. गल्लीतली जुनी उघडी लाईन काढून जाड एबी केबल (खांबावरून जाणारी, आवरण असलेल्या वायरींची एकत्र पिळलेली केबल) टाकावी म्हणून नऊ घरांच्या सह्यांचा अर्ज सेक्शन ऑफिसला दिलाय, त्याची पाहणी व्हायची आहे, दुपारी १२ ते २ मध्ये.